कापलेली अडीच मिनिटं

बाबल,

काल दुपारी जेवून जरा लवंडलो, तर मी पुन्हा केबिनमध्ये. मशीन चालू, तापलेल्या पत्र्याचा वास. झरोक्यातून उजेडाचा पट्टा निघून पडद्याकडे चाललेला आणि त्यात धूळ तरंगतेय, अगदी सावकाश, कुठे पोचायची घाई नसल्यासारखी. खाली हॉलमध्ये एक माणूस नव्हता. फक्त तू. नेहमीसारखा पडद्याकडे पाठ करून रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभा. मी तुला हाक मारली. केबिनमधली हाक खाली पोचत नाही, आपण सगळी नोकरी हातवाऱ्यांवर काढली, हे मला झोपेतही ठाऊक होतं. तरी मारली.

डोळे उघडले तर स्वरा मला हलवत होती. "आप्पा, तू कुणाला ओरडतोयस?"

कुणाला नाही, म्हटलं.

तुझी नात, माझीही नात. तू गेलास त्या सकाळी ती माझ्याकडे कांजूरला होती, सुट्टीत चार दिवस राहायला आलेली. अजून इथेच आहे. ती इथे होती म्हणून मी जे केलं ते मला करता आलं, आणि तेच सांगायला बसलोय.

तुझा महेश म्हणाला, मंडळाच्या अंकात तुमच्या मित्रावर काहीतरी लिहून द्या. तू जन्मलास कधी, नोकरी कुठे, मागे कोण कोण, ते त्याने लिहावं, तो ग्रॅज्युएट आहे. मी चौथी शिकलेला माणूस. मला तुझ्याबद्दल नाही, तुझ्याशी बोलायचंय. बाकीच्यांनी वाचलं तर वाचू दे, माझं काही जात नाही.

घाटकोपरच्या आपल्या टॉकीजमध्ये मी वर ऑपरेटर आणि तू खाली डोअरकीपर. मी जन्मभर पडदा बघितला आणि तू माणसं. मी तुला म्हणायचो, मेल्या, एवढी वर्षं थेटरात उभा आहेस, एक पिक्चर तरी धड बघितलंस का? तू म्हणायचास, सगळी बघितली, लोकांच्या तोंडावर बघितली. ते खोटं नव्हतं. कुठल्या रिळाला बायका पदर डोळ्याला लावतात, कुठे म्हातारे खोकायला लागतात, कुठे पोरं सीटवर उभी राहतात, तुला पाठ होतं. नवीन पिक्चर लागलं की पहिल्या खेळानंतर तू वर येऊन मला कथा सांगायचास, आणि ती बरोबर असायची.

आणि ती तुझी बॅटरी. रविवारच्या दुपारच्या खेळाला पोरं भरलेली असायची. राक्षस आला, काळोख झाला, संगीत घुमायला लागलं की तू ती बॅटरी स्वतःच्या सदऱ्यावर पाडायचास. का, तर तुझं तोंड पोरांना दिसावं म्हणून. आणि तोंडात काय, तर शेंगदाणे. पोरं घाबरून इकडेतिकडे बघायची, तुला चावताना बघायची आणि परत पडद्याकडे वळायची. मी वरून शिव्या घालायचो, उजेड माझ्या पडद्यावर सांडतोय म्हणून. तू वर मान करून आणखी दोन दाणे तोंडात टाकायचास.

आता त्या रविवारचं. ते आपण कधीच बोललो नाही. सत्तावीस वर्षं झाली.

ते हिंदीत डब केलेलं पिक्चर होतं. एका माणसाच्या अंगात वीज शिरते आणि तो निळा अंगरखा घालून शहर वाचवत फिरतो. झकास पिक्चर. पहिली तीन रिळं नुसती गंमत, पोरांनी शिट्ट्या मारून छप्पर उचललं. चौथ्या रिळात त्याचं आणि त्याच्या आईचं सकाळी चहावरून वाजतं, ती पिशवी उचलून दार आपटून कामाला जाते. मग रस्त्यात एका इमारतीला आग लागलेली असते. आत कुणाचं तरी पोर अडकलेलं. ती आत जाते. पोर बाहेर येतं, ती येत नाही.

माझी शुभांगी तेव्हा नऊ वर्षांची. तिची आई जाऊन वर्ष झालेलं. वर्षभर ती रडली नव्हती. शाळेत जायची, माझा डबा भरायची, गप्प. ती रविवारी यायची होती. शनिवारी मी रीळ काढलं, कातरी घेतली आणि आगीचा तुकडा उडवून बिस्किटाच्या डब्यात टाकला. अडीच मिनिटं. चिकटवून जोड असा बसवला की मशीनमधून जाताना टक आवाजसुद्धा आला नाही. माझ्या हाताचा जोड. मला वाटलं, किती हुशारी केली. पोरांचं पिक्चर आहे, पोरांचं राहू दे. मरण कशाला दाखवायचं? तिने घरी बघितलंय तेवढं बास.

जोड उत्तम होता, अक्कल नव्हती. आई भांडते, दार आपटते, जाते, आणि मग पिक्चरभर परतच येत नाही. शेवटी हिरो तिचा फोटो हातात घेऊन ओरडतो, तर थेटरातली पोरं त्या फोटोची हुर्यो उडवायला लागली. खेळ सुटल्यावर शुभांगी वर केबिनमध्ये आली. मी विचारलं, आवडलं? ती म्हणाली, "हिरो चांगला होता. त्याची आई वाईट होती. भांडण झालं म्हणून सोडून गेली."

मी म्हटलं, असेल.

तिच्या मागे दारात तू उभा होतास. तू पोरांची तोंडं बघितली होतीस, काहीतरी चुकलंय हे तुला तिथेच कळलं होतं. माझ्याकडे बघितलंस, मग त्या बिस्किटाच्या डब्याकडे, ज्यातून फितीचं टोक बाहेर आलं होतं. तिचा हात धरून खाली घेऊन गेलास.

मी मशीन पुसायला घेतलं. मग राहवेना म्हणून जिन्याच्या वरच्या पायरीवर आलो. खाली वळणावर तू तिला बसवलं होतंस आणि ती वाळूची लाल बादली मधे ठेवून, झाडू हातात घेऊन, ती अडीच मिनिटं करून दाखवत होतास. तूच आग, तूच आई, तूच आतलं पोर. वय काय तुझं तेव्हा, पंचेचाळीस. गुडघ्यावर रांगत होतास. काही सोडलं नाहीस. ती आत गेली, पोर बाहेर आलं, ती आली नाही. मग झाडू खाली ठेवलास आणि म्हणालास, "ती भांडून नाय गेली गो. ती येऊची होती. तिका येवक मिळाक नाय."

माझी पोरगी तुझ्या सदऱ्यात तोंड घालून रडली. वर्षभराचं रडली. तू मान वर केलीस आणि मला बघितलंस. मी केबिनमध्ये गेलो आणि दार लावून घेतलं.

बाबल, मला तेव्हा तुझा राग आला. इतका, की दोन महिने मी तुझ्याशी बोललो नाही. चहा वेगळा प्यायलो. तुला वाटलं असेल, मित्र आहे, समजून घेईल. मला एकच दिसत होतं, माझी मुलगी रडली ती तुझ्या छातीवर. सोमवारी मात्र मी तो तुकडा जागेवर जोडला. तुला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, चौथ्या रिळाला तू वर झरोक्याकडे बघितलंस आणि बॅटरी एकदा उघडमीट केलीस.

पुढे तुझ्या महेशने आणि माझ्या शुभांगीने काय ते ठरवलं आणि आपण व्याही झालो. लग्नाच्या दिवशी चार लोकांत तू मला "अहो ऐकलंत का" म्हणालास आणि आपण दोघं मांडवाच्या मागे जाऊन हसलो. संध्याकाळपर्यंत पुन्हा मेल्या आणि रे. टॉकीज पाडलं, तिथे टॉवर आला. मग स्वरा झाली, आणि ती पाच वर्षांची झाल्यापासून आपण दोघं रिकामे म्हातारे तिला घेऊन मॉलमध्ये या हिरो लोकांची पिक्चरं बघायला लागलो. ती मध्ये, तू उजवीकडे, मी डावीकडे.

पहिलं आठवतं? सगळं पिक्चर काळं कुळकुळीत. हिरो कुठला आणि खांब कुठला, पत्ता लागेना. मी ओळखलं, लॅम्प म्हातारा झालाय, हे लोक बदलायचं टाळतायत. उठलो, बाहेर गेलो, गणवेशातल्या मुलीला सांगितलं, बाळा, लॅम्प बदला, मी ऑपरेटर होतो, मला कळतं. ती नम्रपणे म्हणाली, "अंकल, लॅम्प नवीन आहे. पिक्चरच डार्क आहे." मी म्हटलं, मला केबिनमध्ये ने, तुमच्या ऑपरेटरशी बोलतो. ती म्हणाली, ऑपरेटर नसतो, अंकल.

मी परत येऊन बसलो. तू कानात विचारलंस, बदलतत? मी म्हटलं, हो, सांगितलंय. आणि पाच मिनिटांनी पडद्यावर दिवस उजाडला. तू म्हणालास, "बघ, ऑपरेटरान सांगितल्यावर कसो लख्ख." तुला सगळं कळलं होतं. मुलुंडला घरी पोचेपर्यंत हसलास.

त्या पिक्चरवरून आपलं जे सुरू झालं ते दोन वर्षं चाललं. मी म्हणायचो, हे पोरांचं आहे ना? पोस्टरवर खेळणी, डब्यावर हिरो, दप्तरावर हिरो, आणि आत थडगी आणि रक्त. अंधार कमी करा. मग एक दुसऱ्या तऱ्हेचं आलं. दर दोन मिनिटांनी हिरोची कोटी. शहर कोसळतंय, माणसं चिरडतायत, आणि हा विनोद करतोय. मला बरं वाटलं, पोरगी हसत होती. तू तोंड वाकडं केलंस. म्हणालास, ह्या म्हणजे मयतार जावन हसण्यासारख्या. त्यावर मी, पोरांना हसूच द्यावं. त्यावर तू, "राकस लटको आसलो तर देव रिकामटेकडो."

आणि मग तू आपल्या गावच्या दशावताराची गोष्ट काढायचास, शंभर वेळा काढलीस. काळं कापड पांघरलेला, लाल जीभ लोंबणारा तो राक्षस मांडवात घुसायचा, आपण आजीच्या लुगड्यात शिरायचो, आणि पुरता जीव घेऊन झाला की तो आजीसमोर उकिडवा बसून पान मागायचा. म्हातारी त्याला पान द्यायची. मग आपण हळूच बाहेर. तू म्हणायचास, आधी भिवक व्हया, मगे पान. हल्लीचे एक तर नुसते भिववतत, नायतर पहिल्यापासून पानच खातत. सगळं घर एकत्र बसून बघायचं तर दोन्ही हवं, आणि बाजूला आजी हवी.

मी हरायला लागलो की एकच विचारायचो, पोरगी दचकून उठली तर? तू म्हणायचास, "मगे मी कित्याक आसंय?"

आता बोल. कित्याक आसस?

ती सकाळ. शुभांगीचा फोन आला. मी स्वराला शेजारच्या वहिनींकडे ठेवलं, मुलुंडला आलो, तुला बघितलं, पोचवलं, आंघोळ केली, परत आलो. दारातच तिने विचारलं, कुठे गेला होतास? आणि मी म्हटलं, आबा गावाला गेला, त्याला सोडायला गेलो होतो. शब्द तोंडातून कसे निघाले? सरळ निघाले. टक आवाज आला नाही.

शुभांगी रोज फोनवर म्हणत होती, आप्पा, तिला सांगा, नाहीतर मी येऊन सांगते. मी म्हटलं, माझ्या घरात माझं चालेल. पोर सात वर्षांची आहे. तिने फोन ठेवला. तिला त्या जिन्याची आठवण झाली असेल, पण बापाला तोंडावर कसं बोलणार.

मग एक जोड झाकायला दुसरा. आबाला फोन लाव म्हणाली, मी म्हटलं गावात रेंज नाही. आबाने बीपीच्या गोळ्या नेल्या का? नेल्या. शनिवारी नवीन पिक्चर आहे, तोवर येईल ना? बघू. दिवसा ती चित्रं काढत बसायची आणि मी खुर्चीत डुलकी घ्यायचो, आणि डुलकीत तुझ्या गावच्या घराचा उंबरा दिसायचा, तिथे तू खरोखरच बसलेला, आंबोळी खात. एवढ्या वेळा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. बाबल, ते दिवस मला गोड गेले, हे कबूल करतो. तिला नाही, मीच मला फसवत होतो.

काल, त्या झोपेतून उठलो तेव्हा तिने चित्र बाजूला सारलं आणि विचारलं, आबाला ओरडत होतास ना? मग ती म्हणाली, "आबा मला न सांगता कधी गावाला जात नाही. मी काहीतरी केलं असणार. किंवा तोच वाईट आहे. माझी कट्टी आहे त्याच्याशी. आला तरी बोलणार नाही. पिक्चरला पण तू माझ्या बाजूला बस, भीती वाटली की मी तुझाच हात धरीन."

खरं सांगू, हे मला दोन वर्षं हवं होतं. काळोख झाला की ती नेहमी उजवीकडे वळायची, डावीकडे कधी नाही. माझ्याही हाताला पाच बोटं आहेत, असं मनात यायचं. काल ते मिळालं. आणि माझ्या कानात त्या पोरांची हुर्यो घुमली. भांडून सोडून गेली. वाईट आई. मी तुलाच कापला होता, बाबल. तुझं मरण काढलं आणि तुला पळपुटा करून ठेवला, त्या पोरीपुढे, जिला सोडून तू दुधाला खालीसुद्धा जात नव्हतास.

मी खाली बसलो, जमिनीवर, गुडघे नाही म्हणत होते तरी. म्हटलं, आबा गावाला नाही गेला. मी खोटं बोललो. आबा मेला.

म्हणजे कसा, म्हणाली.

तेव्हा मी सगळं सांगितलं, जेवढं मला माहीत होतं. म्हटलं, सकाळी आबा चहा प्यायला. तुझी खोली उघडून बघितली, तू इथे आहेस हे विसरला होता, मग स्वतःशीच हसला. चपला घालायला दाराजवळच्या खुर्चीवर बसला. तुझ्या आईला म्हणाला, पाणी दे गो. आई पाणी घेऊन आली तोवर तो गेला होता. त्याने तुला सोडलं नाही. त्याला यायचं होतं. त्याला येता आलं नाही.

हे शेवटचं तुझं होतं. चोरलं. माफ कर.

तिने विचारलं, "पाणी प्यायला तो?"

"नाही."

"मग त्या पाण्याचं काय केलं?"

मला माहीत नव्हतं. मी शुभांगीला फोन लावला आणि म्हटलं, तिला सांगितलंय. ती विचारतेय, त्या पाण्याचं काय केलंस. आणि फोनचा स्पीकर चालू केला.

मग शुभांगी म्हणाली, "मी प्यायले, बाळा."

तेव्हा स्वरा रडली. पलीकडे तिची आई रडली. मी दोघींच्या मध्ये फोन धरून बसलो होतो. उगी उगी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ऊन भिंतीवरून सरकत कपाटावर गेलं, खाली कुणीतरी भंगारवाल्याशी हुज्जत घालत होतं, आणि ती माझ्या सदऱ्यात तोंड घालून रडत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, परत सांग. मी परत सांगितलं, चहापासून. रात्रीच्या जेवणापर्यंत चार वेळा सांगून झालं. चौथ्या वेळी तू खोली उघडून हसलास तिथे तीही थोडं हसली.

उद्या तुझं दहावं. तिला घेऊन येतोय. महेशला कळवलंय, कुणी मधे बोलायचं नाही. सुतक फिटलं की पुढच्या शनिवारी ते पिक्चर बघू, ती स्वतः म्हणाली. ते किती काळं आहे आणि किती हसरं, याची मी कुणाकडे चौकशी केलेली नाही.

आता एकच राहिलं. हे मी तोंडाने तुला कधी म्हटलं नसतं, तू पुढची वीस वर्षं मला चिडवलं असतंस. जिन्यावर तू जे केलंस ते बरोबर होतं. मी वरून बघत होतो आणि मला तेव्हाच कळलं होतं. दोन महिने नाही, सत्तावीस वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही, बाबल, बाकीचं सगळं बोललो.